एका फोटॉनची चाहूल

कंदिलाची वात खाली खाली करत नेली की प्रकाश मंद होत जातो. समजा ही वात हवी तितकी खाली नेता आली, अगदी विझायच्या अलीकडच्या क्षणापर्यंत. तिथे काय उरेल? प्रकाश असाच सलगपणे मंद होत शून्याला मिळेल, की एखाद्या टप्प्यावर नळासारखा थेंबाथेंबानं गळू लागेल?

उत्तर आहे: थेंबाथेंबानं. प्रकाशाचा हा थेंब म्हणजे फोटॉन. अर्धा फोटॉन नसतो. एक असतो किंवा नसतो. हे कळलं की लगेच दुसरा प्रश्न पडतो. असा एकच थेंब पडला, तर तो पडल्याचं आपल्याला कळणार कसं?

आज यावरचं सर्वांत चांगलं उत्तर एका तारेत आहे. केसाच्या हजाराव्या भागाइतकी रुंद, हेलियमच्या थंडीत ठेवलेली ही तार एका फोटॉननं जागी होते आणि काही नॅनोसेकंदांत पुन्हा पहिल्यासारखी होते. तिच्या पोटात घडणारं भौतिकशास्त्र अवघड आहे. पण तिचं बाहेरून दिसणारं वागणं तीन चिन्हांच्या साध्या सर्किटात मांडता येतं, आणि ते सर्किट बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असं आहे. या प्रकरणात आपण ते सर्किट पायरीपायरीनं उभं करू.

१. एक थेंब केवढा?

घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा घ्या. त्यातून साधारण ३ वॉट इतकीच ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते असं धरू. तरीही दर सेकंदाला निघणाऱ्या फोटॉनची संख्या ८ वर १८ शून्यं इतकी होते. जगाची लोकसंख्या सुमारे ८ अब्ज आहे. म्हणजे हा एक दिवा दर सेकंदाला पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला शंभर कोटी फोटॉन वाटू शकेल.

त्यातला एक फोटॉन पकडायचा आहे. शिवाय आपल्याला हवा असलेला फोटॉन दिव्याच्या फोटॉनपेक्षाही दुबळा आहे. इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरमधून जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर असते. हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ज्यूलमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर १८ शून्यं आणि मग १३.

२. बेंगळुरूला हे थेंब का मोजायचे आहेत?

मंद प्रकाशाचं आणि बेंगळुरूचं नातं जुनं आहे. सर सी. व्ही. रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९४८ साली त्यांनी याच शहरात रामन संशोधन संस्था उभारली. ज्या परिणामाला त्यांचं नाव आहे, त्यात पदार्थावर आदळणाऱ्या साधारण कोटीभर फोटॉनांमधला एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. तो अंधूक उजेड टिपायला त्या काळी फोटोच्या काचेवर तासन् तास प्रकाश साठवावा लागे.

आज त्याच रामन संशोधन संस्थेत प्रा. उर्बसी सिन्हा यांची प्रयोगशाळा एकेकट्या फोटॉनवर काम करते. २०२१ साली तिथल्या संशोधकांनी दोन इमारतींदरम्यान मोकळ्या हवेतून फोटॉन पाठवून गुप्त किल्ली वाटून दाखवली. कल्पना अशी: संदेश कुलूपबंद करायची किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबलचक माळ. ही माळ एकेका फोटॉनवर चढवून पाठवली, तर वाटेत कुणी डोकावल्यास फोटॉनची अवस्था बिघडते आणि चोरी उघड होते. फोटॉनची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हा निसर्गाचाच नियम इथे पहारेकरी होतो.

मोकळ्या हवेतून कमी तरंगलांबीचा प्रकाश पाठवता येतो आणि त्याला सिलिकॉनचे डिटेक्टर चालतात. शहराशहरांमध्ये जमिनीखाली आधीच टाकलेल्या फायबरमधून जायचं, तर मात्र १५५० नॅनोमीटरचाच प्रकाश हवा, कारण काचेत तो सर्वांत कमी शोषला जातो. सर्वांत कमी म्हणजे किती? चांगल्या फायबरमध्ये दर ५० किलोमीटरला दहापैकी एक फोटॉन उरतो.

बेंगळुरूहून म्हैसूर रस्त्यानं सुमारे १४५ किलोमीटर. तेवढीच लांब फायबर धरली, तर ८०० फोटॉनांपैकी एक पोचेल. बेंगळुरूहून पुणे सुमारे ८४० किलोमीटर. सेकंदाला शंभर कोटी फोटॉन पाठवले, तरी पुण्याला सरासरी दोन वर्षांत एक पोचेल! म्हणूनच इतक्या लांबच्या प्रवासात मध्ये थांबे लागतात किंवा उपग्रह लागतात. आणि म्हैसूरला पोचलेला तो आठशेतला एक फोटॉन डिटेक्टरनं निसटू दिला, तर सगळी मेहनत वाया जाते.

केंद्रीय मंत्रिमंडळानं १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २,००० किलोमीटर अंतरावरच्या शहरांमध्ये अशा किल्ल्या वाटणं हे त्याचं एक उद्दिष्ट आहे, आणि एकेक फोटॉन टिपणारे डिटेक्टर देशात बनवणं हेही त्याच्या कामांच्या यादीत आहे. या मिशनचं क्वांटम संगणनाचं केंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे आणि क्वांटम संवेदनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत.

३. सिलिकॉनला न परवडणारा फोटॉन

सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्या फोटॉनच्या खिशात ०.८ आहेत. म्हणजे सिलिकॉनच्या दुकानात त्याला काहीच विकत घेता येत नाही. तो आरपार निघून जातो. त्याच्यासाठी स्वस्त दुकान शोधायला हवं.

ते दुकान म्हणजे अतिसंवाहक. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन इथे कामरलिंग ओनेस यांना दिसलं, की पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. १९५७ साली कारण कळलं: या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोड्या करून चालतात आणि त्या जोड्यांना वाटेत कुठे ठेच लागत नाही. ही जोडी मोडायला फार थोडी ऊर्जा लागते. नायोबियम नायट्राइड या पदार्थात ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या काही हजारांश भागांइतकीच आहे. हिशेब केला तर एका फोटॉनच्या ऐपतीत शंभराहून जास्त जोड्या मोडणं बसतं. सिलिकॉनला हात न लावू शकणारा फोटॉन इथे चांगलीच खळबळ माजवतो.

नायोबियम नायट्राइडशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं या पदार्थाच्या पातळ थरांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. थरातली अणूंची अव्यवस्था वाढत गेली, की अतिसंवाहक होण्याचं तापमान सुमारे १६ केल्विनपासून घसरत जातं आणि शेवटी अतिसंवाहकता नाहीशीच होते, हे त्यांच्या मोजमापांतून स्पष्ट दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे सर्किटात जो आकडा आपण सहज लिहून टाकू, त्याचं मूळ या अव्यवस्थेत आहे.

४. नांगराच्या तासासारखी तार

या पदार्थाचा सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा थर चकतीवर चढवतात. जाडीच्या दिशेनं मोजली तर स्फटिकाची जेमतेम ११ घरं. मग इलेक्ट्रॉनच्या झोतानं नक्षी आखून त्या थरातून सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीची तार कोरून काढतात.

सरळ तारेवर फोटॉन पडायचा म्हणजे सुतळीवर पावसाचा थेंब झेलण्यासारखं आहे. म्हणून तार नागमोडी आखतात. शेत नांगरताना बैल एक तास काढत बांधापर्यंत जातात, वळतात आणि शेजारचं तास काढत परत येतात. तसंच इथे चालतं, आणि पाहता पाहता १० मायक्रोमीटर लांबीरुंदीचा चौकोन एकाच अखंड तारेनं भरून निघतो.

आता ही तार २ ते ४ केल्विनपर्यंत थंड करतात आणि तिच्यातून विद्युतप्रवाह सोडतात. अतिसंवाहकतेला एक मर्यादा असते: ठरावीक प्रवाहापलीकडे ती मोडते. त्या मर्यादेच्या थोडं खाली, समजा २० मायक्रोअँपिअरवर, प्रवाह आणून थांबतात. पाट काठोकाठ भरून वाहतो आहे असं डोळ्यांसमोर आणा.

फोटॉन पडतो. पडल्या जागी जोड्या मोडतात आणि एक छोटा गरम ठिपका तयार होतो. पाटाच्या मधोमध दगड पडला की पाणी दोन्ही कडांनी दाटीनं वाहू लागतं. तसा प्रवाह ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी वळतो. पण तिथे आधीच काठोकाठ भरलेलं आहे. कडांवरची मर्यादा ओलांडली जाते आणि तार पूर्ण रुंदीभर अतिसंवाहकता सोडून देते. जिथे रोध शून्य होता, तिथे एकदम काही हजार ओहमचा अडथळा उभा राहतो.

मॉस्कोतल्या ग्रेगरी गोल्ट्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अशी तार एकेक फोटॉन टिपते हे पहिल्यांदा दाखवलं.

५. कागदावरची तीन चिन्हं

आता पेन्सिल घ्या. या सगळ्या घडामोडीचं सर्किट काढायला तीन चिन्हं पुरतात.

पहिलं चिन्ह, वेटोळं. म्हणजे इंडक्टर. तार तर सपाट आहे, मग वेटोळं कुठून आलं? इंडक्टन्स म्हणजे प्रवाहाचा जडपणा: चालू व्हायला वेळ, थांबायलाही वेळ. भरलेली बैलगाडी जशी एकदम पळत नाही आणि एकदम थांबतही नाही. साध्या वेटोळ्यात हा जडपणा चुंबकीय क्षेत्रातून येतो. आपल्या तारेत तो मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या स्वतःच्या वस्तुमानातून येतो. तार इतकी बारीक आहे की वाहून नेणाऱ्या जोड्या थोड्याच. तेवढाच प्रवाह न्यायचा तर त्यांना भराभर पळावं लागतं. पळणाऱ्या गर्दीला थांबवणं अवघड जातं. याला गतिज इंडक्टन्स म्हणतात. थरात अव्यवस्था जास्त असेल तर जोड्या आणखी विरळ पडतात आणि हा जडपणा आणखी वाढतो. कुलाब्यातल्या मोजमापांचा सर्किटाशी संबंध जुळतो तो इथे.

दुसरं चिन्ह, रोध आणि त्याला समांतर एक स्विच. फोटॉन नसताना स्विच बंद असतो, म्हणजे जोडलेला असतो, आणि प्रवाह रोधाला वळसा घालून बिनअडथळा जातो. फोटॉन पडला की स्विच उघडतो आणि प्रवाहापुढे गरम ठिपक्याचा रोध येतो. तो २,००० ओहम धरू.

तिसरं चिन्ह, बाहेरचा रोध, ५० ओहम. केबल टीव्हीची तार ७५ ओहमची असते; प्रयोगशाळेतल्या केबल आणि अ‍ॅम्प्लिफायर बहुधा ५० ओहमचे असतात. हा रोध तारेला समांतर जोडलेला असतो. मध्ये एक कॅपॅसिटर असतो. तो संथ, कायमच्या प्रवाहाला अडवतो आणि अचानक आलेल्या धक्क्याला वाट देतो. त्यामुळे एरवी सगळा प्रवाह तारेतून जातो आणि गडबड झाली की ५० ओहमची वाट खुली होते.

घाटात दरड कोसळली की वाहनं जुन्या रस्त्यानं वळवतात, तसं हे आहे. २,००० ओहमची दरड समोर आली, की प्रवाह ५० ओहमच्या वाटेनं वळतो. आपण मोजतो ती त्या जुन्या रस्त्यावर अचानक वाढलेली वर्दळ.

६. चौकोन मोजूया

आता प्रत्यक्ष आकडे घालू. १० मायक्रोमीटरच्या चौकोनात १०० नॅनोमीटर रुंद तार आणि दोन ओळींत १०० नॅनोमीटर मोकळी जागा. म्हणजे ५० ओळी, प्रत्येक १० मायक्रोमीटर लांब. तारेची एकूण लांबी ५०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटर.

गतिज इंडक्टन्स मोजायची युक्ती फरशी मोजण्यासारखी आहे. तारेच्या रुंदीइतक्या बाजूचे चौकोन एकापुढे एक मांडा. १०० नॅनोमीटरचे ५,००० चौकोन होतील. अशा पातळ थरात एका चौकोनाला साधारण ८० पिकोहेन्री पडतात. गुणाकार केला की ४०० नॅनोहेन्री.

एकच नियम लागतो: प्रवाह बदलायला लागणारा वेळ म्हणजे इंडक्टन्स भागिले रोध. गाडी जितकी जड तितका वेळ जास्त; ब्रेक जितका करकचून, तितका कमी.

प्रवाह तारेतून बाहेर पडताना दोन्ही रोध वाटेत आहेत: २,००० अधिक ५०. वेळ ४०० नॅनोहेन्री भागिले २,०५० ओहम, म्हणजे सुमारे ०.२ नॅनोसेकंद. धक्का झपकन चढतो.

मग ठिपका थंड होतो, तार पुन्हा अतिसंवाहक होते, स्विच मिटतो. प्रवाह परत येताना फक्त ५० ओहम आहेत. वेळ ४०० भागिले ५०, म्हणजे ८ नॅनोसेकंद. उतार चढावाच्या चाळीसपट संथ! ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हीच आकृती दिसते: कड्यासारखा उभा चढ आणि मागे लांब पसरलेला उतार.

तार पुन्हा पुरेशी सज्ज व्हायला अशा ८ नॅनोसेकंदांच्या तीन खेपा लागतात असं धरू. तेवढ्यात ९५ टक्के प्रवाह परत येतो. म्हणजे २४ नॅनोसेकंद, किंवा सेकंदाला सुमारे ४ कोटी फोटॉन.

धक्का केवढा? २० मायक्रोअँपिअर गुणिले ५० ओहम म्हणजे फार तर १ मिलिव्होल्ट. लहान आहे, पण अ‍ॅम्प्लिफायरनं सहज वाढवता येतो.

एका आकड्यापाशी जरा थांबू. तारेत फोटॉन येण्याआधीच साठलेली ऊर्जा, म्हणजे इंडक्टन्सचा निम्मा गुणिले प्रवाहाचा वर्ग, काढली तर ती एका फोटॉनच्या ऊर्जेच्या सुमारे ६०० पट भरते. धक्का द्यायची ताकद फोटॉनमध्ये नसतेच. ताकद तारेत आधीच भरून ठेवलेली असते; फोटॉन फक्त दाराची कडी काढतो. एक कण मोजता येण्यामागचं रहस्य हेच आहे.

२००६ साली अमेरिकेत अँड्र्यू कर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या डिटेक्टरचा वेग बहुतेक वेळा थंड होण्यानं अडत नाही, गतिज इंडक्टन्सनं अडतो. त्याआधी तार सावकाश का सावरते याचं नेमकं कारण हाती नव्हतं. तीन चिन्हांच्या सर्किटानं ते हाती दिलं.

७. दोन घड्याळांची शर्यत

साहजिकच मनात येतं: ५० ओहमच्या जागी ५०० लावले तर? नियमाप्रमाणे उतार ८ ऐवजी ०.८ नॅनोसेकंदांत संपेल. शिवाय धक्काही मोठा मिळेल. दोन्हीकडून फायदाच.

प्रत्यक्षात तार अडकून बसते. गरम ठिपका विझतच नाही, प्रवाह चालू असेपर्यंत तसाच धगधगत राहतो, आणि नंतर आलेल्या एकाही फोटॉनची दखल घेतली जात नाही. प्रवाह पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला तरच तार शुद्धीवर येते.

कारण समजायला चुलीतला निखारा आठवा. राखेखाली तो विझत आलेला असतो. त्याला पूर्ण विझायला अवधी दिला तर तो थंड होतो. पण मधेच फुंकर घातली तर पुन्हा फुलतो. तारेतल्या ठिपक्यासाठी परत येणारा विद्युतप्रवाह म्हणजे ही फुंकर. ठिपक्याची उष्णता खालच्या चकतीत उतरायला साधारण शेकडो पिकोसेकंद लागतात. प्रवाह ८ नॅनोसेकंदांत सावकाश परतला, तर तोवर निखारा विझलेला असतो. ०.८ नॅनोसेकंदांत परतला, तर निखारा अजून ऊन असतो, आणि फुंकर त्याला गाठते.

म्हणजे या तारेत दोन घड्याळं आहेत: एक उष्णतेचं, एक प्रवाहाचं. उष्णतेचं घड्याळ नेहमी आधी वाजलं पाहिजे. डिटेक्टर बनवणाऱ्याचं कौशल्य ही शर्यत योग्य अंतरानं जिंकण्यात आहे. फार मोठ्या फरकानं जिंकली तर डिटेक्टर मंद. हरली तर डिटेक्टर अडकला.

आता दुसरी बाजू. फोटॉन झेलायचं अंगण मोठं करायचं म्हटलं, तर तार लांबते, चौकोन वाढतात, इंडक्टन्स वाढतो आणि वेग पडतो. यावर तोडगा म्हणजे एका लांब तारेऐवजी अनेक आखूड तारा, प्रत्येकीचं सर्किट वेगळं. एकच मोठं शेत एकाच नांगरानं करण्याऐवजी वाफे पाडून वाटून घ्यावं तसं.

याचं देखणं उदाहरण डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या 'सायकी' यानानं सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून लेझरच्या प्रकाशात एक चित्रफीत पृथ्वीकडे पाठवली. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटरच्या दुर्बिणीनं तो प्रकाश गोळा केला आणि ६४ भागांत विभागलेल्या अतिसंवाहक नॅनोतारांच्या डिटेक्टरनं तो टिपला. वेग होता सेकंदाला २६७ मेगाबिट, घरच्या चांगल्या ब्रॉडबँडइतका.

८. ज्या शहराला सर्किटची भाषा येते

तीन चिन्हांच्या सर्किटात एक उणीव राहते. ठिपक्याचा रोध आपण २,००० ओहम असा ठोकून धरला. खरा ठिपका जिवंत असतो: प्रवाह जास्त असेल तर तो दोन्ही दिशांना पसरतो, रोध वाढतो, प्रवाह कमी झाला की आकसतो. त्याचा आकार प्रवाहावर अवलंबून आणि प्रवाह त्याच्या आकारावर. हे गुंतागुंतीचं नातं हातानं सोडवणं कठीण.

इथे संगणक मदतीला येतो. सर्किटं प्रत्यक्ष बनवण्याआधीच तपासण्यासाठी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 'स्पाइस' नावाची संगणकप्रणाली तयार झाली. तिच्या वंशातल्या प्रणाली आजही जगभरचे चिप आखणारे रोज वापरतात. २०१८ साली एमआयटीतल्या कार्ल बर्गग्रेन आणि सहकाऱ्यांनी अतिसंवाहक नॅनोतार स्पाइसमध्ये कशी मांडायची हे दाखवलं. त्यांनी ठिपक्याच्या कडा किती वेगानं सरकतात याचं सूत्र घेतलं आणि ठिपक्याच्या वाढीचा हिशेब सर्किटातल्याच एका कॅपॅसिटरकडे सोपवला. पाणी ज्या वेगानं पडेल तशी बादलीतली पातळी चढते, तसं त्या कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं, आणि त्यावरून ठिपक्याचा रोध ठरतो. उष्णतेचं अवघड समीकरण अशा रीतीनं सर्किटच्या बोलीत उतरलं.

बेंगळुरूच्या दृष्टीनं याचं मोल मला फार वाटतं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं इथे चिप आखायचं केंद्र उघडलं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत हे शहर चिप आखणाऱ्यांचं शहर झालं. स्पाइसची भाषा इथे हजारो अभियंत्यांना येते, आणि त्यांत मराठी घरांतून आलेलेही पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांना अतिसंवाहकतेचा क्वांटम सिद्धान्त शिकायची संधी मिळालेली नाही. पण तार एकदा वेटोळं, स्विच आणि रोध या रूपात समोर आली, की तिला कोणता अ‍ॅम्प्लिफायर जोडावा, ६४ तारांचे धक्के कमी केबलमधून कसे बाहेर काढावेत, अडकलेली तार आपोआप कशी सोडवावी, हे प्रश्न त्यांच्या हातचे होतात. भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंता यांना एकाच कागदावर बोलता येणं, ही चांगल्या मॉडेलची खरी कमाई आहे.

तार बनवायची सोयही फार दूर नाही. भारतीय विज्ञान संस्थेच्या नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात राष्ट्रीय पातळीची नॅनो-निर्मिती प्रयोगशाळा आहे. 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम' या उपक्रमानं बेंगळुरूची ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांची यंत्रसामग्री देशभरातल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांसाठी खुली केली.

९. चित्र काय सांगतं, काय नाही

कुठल्याही मॉडेलबद्दल हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपलं सर्किट धक्क्याचा आकार सांगतं, सावरायचा वेळ सांगतं, अडकण्याचा धोका सांगतं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतं: फोटॉन नेमका कधी आला, हे किती अचूक कळेल.

हिशेब करू. धक्का ०.२ नॅनोसेकंदात, म्हणजे २०० पिकोसेकंदांत, १ मिलिव्होल्ट चढतो. दर पिकोसेकंदाला ५ मायक्रोव्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट ३० मायक्रोव्होल्ट असेल, तर धक्का ठरावीक उंचीला नेमका केव्हा पोचला यात ६ पिकोसेकंदांची चूक राहील. चढ जितका उभा आणि गोंगाट जितका कमी, तितकी वेळ अचूक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही चूक ३ पिकोसेकंदांच्याही खाली आणलेली आहे. तेवढ्या वेळात प्रकाशही एक मिलिमीटर जात नाही.

काही गोष्टी मात्र हे सर्किट सांगू शकत नाही. आलेल्या शंभर फोटॉनांपैकी किती टिपले जातील, हे त्यात नाही. ते तार प्रकाश किती शोषते आणि ठिपका कसा जन्मतो यावर ठरतं. २०१३ साली अमेरिकेत टंगस्टन सिलिसाइडच्या तारांनी ९३ टक्के फोटॉन टिपून दाखवले आणि नंतर हा आकडा ९८ टक्क्यांपर्यंत गेला. फोटॉन नसतानाही अधूनमधून तार का दचकते, हेही सर्किटात नाही. स्विच कधी उघडेल हे आपण बाहेरून सांगायचं. उघडल्यावर काय होईल हे सर्किट सांगेल. ही सीमारेषा स्पष्ट असेल तर मॉडेल विश्वासानं वापरता येतं.

१०. करून पाहा

एलटीस्पाइस नावाची प्रणाली विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. २० मायक्रोअँपिअरचा प्रवाह-स्रोत, ४०० नॅनोहेन्रीचं वेटोळं, त्याच्या पुढे २,००० ओहमचा रोध आणि त्याला समांतर स्विच, आणि या सगळ्याला समांतर ५० ओहम, मध्ये १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर. स्विच अर्ध्या नॅनोसेकंदापुरता उघडा आणि ५० ओहमवरचं व्होल्टेज पाहा. उभा चढ आणि लांब उतार पडद्यावर उमटेल.

मग चौकोनाची बाजू १० वरून २० मायक्रोमीटर करा. आधी कागदावर: १०० ओळी, प्रत्येक २० मायक्रोमीटर, एकूण २,००० मायक्रोमीटर, २०,००० चौकोन, १,६०० नॅनोहेन्री, उतार ३२ नॅनोसेकंद. अंगण चौपट झालं आणि वेळही चौपट. आता तोच आकडा सर्किटात घालून पाहा. उतार तुमच्या हिशेबाइतकाच लांबला, की समजा, प्रकाशाच्या एका थेंबानं जागी होणाऱ्या तारेचा स्वभाव तुम्हाला कळू लागला आहे.